पाच फुटी वाफा

शालूबाईंनी पिशवी भरली आणि सांगून टाकलं, "रविवारच्या एसटीनं मी गावाकडं जाते. तुमी ऱ्हावा सातारला."

सुभेदार हंबीरराव पेपर वाचत होते. म्हणजे पेपर हातात होता. चोवीस वर्षं फौजेत काढली, बर्फात पहारे दिले, पुढं म्हातारपणापर्यंत परगावी सिक्युरिटीची नोकरी केली, पण बायकोचं हे एवढंसं बोलणं ऐकलं आणि गडी जागच्या जागी गारठला.

तसा दोष कुणाचाच नव्हता. गेल्या वर्षी बाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, आता खाली बसायचं नाही, वाकायचं नाही. मग इस्लामपूरजवळचा मळा धाकट्या दिरानं करायला घेतला आणि ही दोघं साताऱ्यातल्या नव्या घरात राहायला आली. घर झकास, फरशी अशी गुळगुळीत की माशीचा पाय घसरावा. पण चाळीस वर्षं जिचे हात मातीत, ती बाई फरशीकडं बघून बघून किती बघणार? जेवण निम्म्यावर आलं. बोलणं तर त्याहून कमी.

"तिकडं जाऊन तरी काय करशील? वाकता येत न्हाई तुला," हंबीरराव म्हणाले.

"बांधावर खुर्ची टाकून बसीन. माती नदरंला तरी पडंल."

हंबीररावांना ते लागलं. नोकरीत होते तेव्हा वर्षाकाठी दोन महिने सुटी. बाकीचे दहा महिने मळा, पोरं, सासूचं दुखणं, सगळं हिनं एकटीनं निभावलं. आता कुठं एका छपराखाली आलो तर ही निघाली! त्यांना ती घरात हवी होती, साधी गोष्ट. पण हे तोंडानं म्हणायचं कसं? 

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात विटा येऊन पडल्या.

"काय चाललंय?" आतून आवाज आला.

"टाकी बांधतोय."

"आवं, दोन हायत की!"

"तिसरी असावी."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला आणि त्या बाजूची खिडकीच लावून टाकली. सुभेदारांना तेच हवं होतं. त्यांनी दोरी ताणली, ओळंबा सोडला, एकेक वीट ठोकून बघितली. तीन दिवसांत कमरेएवढ्या भिंतींचा चौकोन उभा राहिला. पाणी निघायला तळाशी भोकं ठेवली. शनिवारी दिरानं टेम्पो भरून माती पाठवली. खाली उसाचं पाचट, वर माती असं करून चौकोन काठोकाठ भरला आणि सुभेदारांनी खिडकी वाजवली.

काठी टेकत बाई आल्या. "ही टाकी?"

"वाफा हाय. उभ्यानं करायचा. गुडघ्याला तरास नगं."

बाई वाफ्याजवळ सरकल्या. त्यांनी मातीत हात घातला. हाताला उसाचा एक वाळका बुडखा लागला. तो त्यांनी उलटसुलट करून बघितला. "ही तर आपल्या हिरीकडच्या तुकड्यातली माती!" म्हणाल्या आणि कितीतरी वेळ हात बाहेर काढला नाही.

मग ढेकळं फोडत फोडत हात पुढं सरकला आणि मध्यावर जाऊन थांबला. पुढं पोचेना. पलीकडून यावं, तर वाफा आणि कंपाउंडच्या भिंतीत जेमतेम एक माणूस आडवा होऊन सरकेल एवढीच जागा. काठी घेऊन तिथं जायची सोय नाही.

"रुंद किती धरलाय?"

"पाच फूट."

"पाच? कशापायी?"

"सरी पाच फुटीच असती की!"

"आवं, ती उसाला! मेथीला कुणी पाच फूट सोडतं व्हय?"

रान सगळं बायकोनं पिकवलेलं. सुभेदारांना शेतीतलं एकच माप पाठ होतं, तेही सुटीवर आल्यावर पारावर ऐकलेलं. शालूबाई हसायला लागल्या. काठी धरून हसल्या, पदरानं डोळे पुसून परत हसल्या. सहा महिन्यांत त्या घरात असं हसणं झालं नव्हतं.

सुभेदारांचे कान लाल झाले. त्यांनी हातोडा उचलला. "फोडतो. रातीत अडीच फुटी करून देतो. पर तू..." त्यांनी हातोडा या हातातून त्या हातात घेतला. मग सगळा जोर लावून म्हणाले, "पर तू जाऊ नगंस, शालू. तुझ्याबिगर मला करमायचं न्हाई."

लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, बाई हे पहिल्यांदा ऐकत होत्या.

"हातोडा ठिवा खाली," त्या म्हणाल्या. "माझा हात मधापातुर पोचतोय. त्या अंगानं तुमी हुबं ऱ्हावा."

सुभेदार भिंतीला घासत आत शिरले.

"पोट आत घ्या!"

"घेतलंय की!"

"इतकी वर्सं दोन्ही अंगाची भांगलण-खुरपण मी एकटीनं केली. आता निम्मी तुमची."

एवढं बोलून बाई घरात गेल्या आणि पिशवी घेऊन बाहेर आल्या. सुभेदार तसेच आडवे बाहेर सरकायला लागले. बाईंनी पिशवी वाफ्याच्या कडेवर ठेवली, दोन लुगडी बाजूला केली आणि तळातून फडक्याच्या पुरचुंड्या काढल्या. राखेत घोळलेलं बी. गावाकडं न्यायला म्हणून बांधलेलं.

"धरा. तुमच्या अंगाला घेवडा." त्यांनी मूठभर बी नवऱ्याच्या ओंजळीत ओतलं. "दोन दाण्यात एक वीत सोडा. एक वीत! पाच फूट न्हवं."