शंभर दिवसांचा फळा

सुरतेच्या डिंडोलीत आमच्या मित्रमंडळाचा एक फळा आहे. पंच्याण्णव साली त्यावर मी सलग शंभर दिवस रोज स्वतःच्या घरातलं काहीतरी लिहिलं. एकही दिवस चुकवला नाही. त्याच शंभर दिवसांत माझ्या बायकोची, सुंदराची, दृष्टी गेली. दोन्ही गोष्टी माझ्या डोळ्यांदेखत झाल्या. लक्ष फक्त पहिलीकडे होतं.

सुरुवात भटूने केली. भटू मंडळाचा सेक्रेटरी, लूमवर कामाला, पण आवाज पुढाऱ्याचा. मी नुकताच उधन्याच्या एका मिलच्या टाइम ऑफिसातून निवृत्त झालो होतो. तीस वर्षं कामगारांची हजेरी मांडली होती आणि फावल्या वेळात एका मराठी साप्ताहिकात लोकांची टिंगल केली होती. भटू म्हणाला, "आबा, सुविचार तर कॅलेंडरवरून कोणीही उतरवतो. तुम्ही स्वतःच्या घरातलं लिहून दाखवा. शंभर दिवस. एक खाडा नको."

जन्मभर दुसऱ्यांचे खाडे मोजलेल्या माणसाला असं डिवचू नये. मी हो म्हणालो.

फळा चहाच्या टपरीजवळ आणि सार्वजनिक नळासमोर. सकाळी सातला पाळी बदलते. रात्रपाळीचे परत येतात, दिवसपाळीचे निघतात आणि दोघेही टपरीवर थांबतात. निम्म्यांना मराठी वाचता येत नाही, म्हणून भटू मजकूर मोठ्याने वाचायचा. नळावरच्या बायकांनाही आपोआप ऐकू जायचा. सात वाजून पाच मिनिटांनी आमचं घर अख्ख्या गल्लीच्या मालकीचं झालेलं असे.

पहिले काही दिवस मी माझ्यावरच लिहिलं. माझी कवळी, माझं घोरणं, निवृत्त होऊनही पहाटे डबा मागायची सवय. आपलं आयुष्य मोठं आहे असं माणसाला वाटतं. माझं अकरा दिवसांत संपलं. बाराव्या दिवशी मी सुंदराकडे पाहिलं.

सुंदरा घरात अहिराणीच बोलायची. पस्तीस वर्षं सुरतेत काढून गुजराती तिने फक्त भाजीवाल्यापुरती ठेवली होती. त्या दिवशी तिने चहा कपाशेजारी बशीत ओतला. मी लिहिलं, "आमच्याकडे आधी बशीला चहा मिळतो, उरला तर कपाला." लोक खूश. एकोणिसाव्या दिवशी तिने खुंटीवरच्या माझ्या कोटाला "जेवाले बठा" म्हटलं. मी लिहिलं, "कोट माझ्यापेक्षा शहाणा. त्याने भाजीला नावं ठेवली नाहीत." एकाने हसता हसता चहा सांडला.

सव्विसाव्या दिवशी संध्याकाळी ती बल्बाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "दिवाना आजूबाजू रंग दिखतस." मला इतका आनंद झाला की मी उठून वहीच काढली. मजकूर मी आधी तारीख घालून वहीत लिहायचो, मग फळ्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीला कळलं की सुंदराबाईंना साठ वॅटच्या बल्बाभोवती इंद्रधनुष्य दिसतं, तरी वीजवाल्यांनी त्याचा जादा आकार लावू नये.

नळावर कोणीतरी तिला विचारलं, काकू, आज कोणता रंग? ती घरी आली, हंडा खाली ठेवला आणि म्हणाली, "आते हाई बी लिखा फयावर."

मी तेही लिहिलं. अठ्ठाविसावा दिवस.

त्यानंतर ती माझ्याशी बोलेनाशी झाली. भांडली नाही, रुसली नाही. ताट वेळेवर यायचं. अगदीच गरज पडली तर गुजरातीत बोलायची, भाजीवाल्याशी बोलावं तसं. मी लिहिलं, "आमच्या घरात भाषावार प्रांतरचना झाली असून स्वयंपाकघर गुजरातेत गेलं आहे." या मजकुराला तर भटूने दोनदा वाचायचा मान दिला.

पुढे ती डोक्याला फडकं घट्ट बांधून भिंतीकडे तोंड करून निजू लागली. एकदा उलटी झाली. काय होतंय म्हणून मी विचारलं. "कंई नथी," ती म्हणाली. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही, कारण पहिल्या उत्तरातच त्या दिवसाचा मजकूर झाला होता.

रोज लिहिल्याने नजर तयार होते असं मीही लोकांना सांगत असे. तयार होते ती वेचायला. तांदूळ निवडताना तुम्ही खडा शोधता, दाण्याकडे बघत नाही, तसं. मी दिवसभर घरात पाहुण्यासारखा कान देऊन बसायचो आणि काही सापडलं की माझा दिवस पार पडायचा. तिचा कसा पार पडतोय, हा माझा विषय नव्हता.

एक्याण्णवाव्या दिवशी मुलगी, वर्षा, बारडोलीहून आली. आईच्या डावीकडे बसली. थोड्या वेळाने आईने विचारलं, वर्षा कुठे गेली? वर्षाने तिच्या डोळ्यांसमोरून हात फिरवला, मग माझ्याकडे आली. "आबा, आईला दिसत नाही."

मी म्हणालो, हल्ली जरा विसरते.

"दिसत नाही," वर्षा म्हणाली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डावा डोळा पूर्ण गेलेला. उजव्याने बांबूच्या नळीतून दिसावं तेवढं दिसतं, तेही किती दिवस, सांगता येत नाही. गेलेलं परत येत नाही. त्यांनी विचारलं, हे कधीपासून? वर्षाला ठाऊक नाही. वही माझ्या खिशात होती.

मी वाचून दाखवलं. अमुक तारखेला चहा बशीत. अमुक तारखेला कोट. मग दिव्याभोवती रंग. मग डोकं, मग उलटी. डॉक्टर लिहून घेत होते. म्हणाले, इतकी चोख नोंद आजवर एकाही पेशंटने आणली नाही. मग पेन थांबवून म्हणाले, एवढं सगळं दिसत होतं, तर आणलं का नाही? रंग दिसले त्या आठवड्यात आणलं असतं तर बरंच वाचलं असतं.

तो मजकूर मोठ्याने वाचला गेला आणि कोणी हसलं नाही, असं पहिल्यांदाच झालं.

रिक्षात वर्षाने आईला विचारलं, सांगितलं का नाहीस? माझ्याकडे तोंड न वळवता सुंदरा म्हणाली, "एक डाव सांगं व्हतं ना. फयावर गयं."

उरलेले दिवस मी काय लिहिलं ते आठवत नाही. लिहिलं मात्र, खाडा नव्हता. शंभराव्या दिवशी सकाळी मी फळा ओल्या फडक्याने नीट पुसला आणि लिहिलं, "सुंदराची दृष्टी गेली. ती सांगत होती तेव्हा मी लिहीत होतो."

भटूने नेहमीच्या आवाजात वाचलं. मग टपरीवरून एकजण हसला. मग रात्रपाळीचे हसले, मग दिवसपाळीचे. नळावर एका बाईने तोंडाला पदर लावला. त्यांचा दोष नाही. नव्व्याण्णव दिवस त्यांना मीच शिकवलं होतं. भटू माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "आबा, शेवटचा सगळ्यांत भारी."

घरी आलो तर सुंदरा उंबऱ्यात बसली होती, तोंड फळ्याच्या दिशेला. कितीतरी आठवड्यांनी तिने मला आपणहून काही विचारलं.

"हासनात का लोके?"

"नही," मी म्हणालो.

"माले ऐकू येस," ती म्हणाली.