लिंटरच्या पुडीवरचा शब्द

मी नमुना बोलतोय. गालात हसून 'काय नमुना आहे' म्हणतात तो नव्हे, व्यापाऱ्याच्या फळीवरचा खराखुरा नमुना. कारंज्यात माणिकचंद शेटजींची तेलगिरणी आहे. तिथल्या कचेरीत डाव्या भिंतीला एक लांब फळी आणि फळीवर निळ्या कागदाच्या पुड्या आहेत. खिडकीकडून तिसरी पुडी म्हणजे मी. माझ्या पोटात मूठभर लिंटर आहे. लिंटर म्हणजे सरकीच्या अंगावरची बारीक लव. सरकी ढेपेसाठी नि तेलासाठी हे सगळ्यांना ठाऊक असतं, तिच्या अंगावरच्या लवेची चौकशी सहसा कुणी करत नाही.

माझा जन्म कामरगावच्या शिवारातला. भागिरथाबाईंनी मला बोंडातून वेचलं. त्यांची बोटं बोंडाच्या टोकांनी ओरखडून निघाली होती. शेजारणीला त्या म्हणाल्या, "इतला पांढरा कापूस, बापा, अन् कोनाच्या अंगावर जाईन कोनाले ठाव!" त्यांच्यासारखंच मलाही वाटलं होतं, की आपण कुणाचा तरी सदरा होणार. जिनिंगमध्ये हा समज पार मोडला. लांब धागा रुई होऊन गाठीत बसला आणि मोठ्या मानाने निघून गेला. सरकी मागे राहिली, आणि सरकीला चिकटून आम्ही.

गिरणीत आमची गाठ देवमनशी पडली. हा लिंटर काढायच्या यंत्रावरचा कारागीर, बावीस वर्षं जुना. करवतीच्या गोल पात्यांमधून सरकी एकदा फिरली की जरा लांब लव निघते. तो पहिला कट. तो मऊ असतो आणि गादीत भरतात. तीच सरकी पुन्हा फिरवली की निघतो दुसरा कट, अगदी आखूड, पिठासारखा. तो गादीत भरला तर दोन महिन्यांत गोळे होऊन कोपऱ्यात जमा होईल. त्याचा कागद होतो, आणखीही बरंच काही होतं. मी दुसरा कट आहे, हे एवढं ध्यानात ठेवा.

आता या कचेरीची रीत सांगतो. माल कुठल्याही लॉटचा असो, त्याची एक पुडी फळीवर राहते आणि तिच्या चिठ्ठीवर शेटजी स्वतःच्या हाताने लिहितात, माल कशासाठी गेला. 'कागद.' 'गादी.' 'दवाखान्याचा कापूस.' ही रीत त्यांच्या वडिलांनी घातली. वडिलांनी जैन मुनिमहाराजांसमोर नेम घेतला होता, की शस्त्राच्या कामी लागेल असा व्यापार या घरात होणार नाही. नुसता नेम घेऊन भागत नाही, माल जातो कुठे ते विचारावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून चिठ्ठी. गेल्या वर्षी मला पुडीत बांधलं, तेव्हा माझी चिठ्ठी मात्र कोरीच राहिली.

कारण त्याच सकाळी दोन पाहुणे आले. एक आपल्याकडचे निवृत्त अधिकारी, एक परदेशी बाई. दोन मित्रदेशांनी मिळून लांब पल्ल्याची तोफ आणि तिचा दारूगोळा बनवायचं ठरवलं होतं. तंत्र त्यांचं, कारखाना आपला, आणि बाहेर विकायचा हक्क दोघांचा. गोळा लांब फेकणारी दारू ज्या शुद्ध कापसापासून बनते, तो कापूस म्हणजे दुसऱ्या कटाचं लिंटर. म्हणजे आम्ही! बाईंनी मला चिमटीत धरलं, उजेडात पाहिलं, काचेच्या नळीत घालून तपासलं. मग विचारलं, कापूस कुठल्या शेतातला, कोणी वेचला, कधी वेचला. आजवर ज्याला कुणी विचारलं नाही, त्याची दोन देश मिळून कुंडली मांडत होते. मला थोडी गंमत वाटली आणि, खोटं कशाला बोलू, थोडा गर्वही झाला.

जाताना त्यांनी एक फॉर्म ठेवला. वर दोन्ही देशांचे झेंडे शेजारी शेजारी छापलेले. खाली एक रकाना, मालाचा अंतिम वापर. त्याच्या खाली मालकाची सही.

तो फॉर्म आठ दिवस टेबलावर पडून होता. शेटजींची सून रुचा गिरणीची कचेरी सांभाळते. लग्न होऊन अकोल्याहून आलेली, शिकलेली, सरळ बोलणारी. नवव्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, आपण तोफ विकत नाही. आपण लिंटर विकतो."

"मंग फारमात काहून इचारलं, कायसाठी म्हनून?"

"सही मी करते. तुम्ही यातून बाजूला व्हा."

शेटजी हसले. "करनं, करवनं, अन् केल्याले बरं म्हननं, आपल्यात तिन्ही एकच धरतात, बेटा. तू केली तरी ते मीच केली."

रुचाने फॉर्म सरळ केला. "कागदवाल्यांनी माल घेणं बंद केलंय. हे काम नाही मिळालं तर दुसरा कट बंद करावा लागेल. सहा माणसं घरी बसतील. देवमनकाका पहिले."

देवमन दारातच उभा होता. यंत्राच्या आवाजापायी त्याला मोठ्याने बोलायची सवय, पण त्या दिवशी तो हळू बोलला. "माह्या कामाचं राहू द्या, शेटजी. माहा प्रसेनजित तोफखान्यात हाय. तिकडं बरफात उभा राह्यते. त्याच्या तोफीत काय ढेप भरावं?"

 शेटजींनी विचारलं, "अन् तुले सोताले काही नाही वाटत, देवमन? तुमच्या घरात बुद्धाचा फोटो हाय. रोज पंचशील म्हनता तुमी."

"वाटते ना. वाटत नाही कसं? पन पोरगा माहा हाय."

"हा माल त्याच्याच तोफीत जाईन, असं कोठी लिहिलं हाय? दोन देश मिळून तिसऱ्याले इकतीन. तो चवथ्यावर डागन. तिकडंही कोनाचा प्रसेनजित असनच."

देवमनने मान खाली घातली आणि यंत्राकडे गेला. दोघंही खरं बोलत होते. अशा वेळी पुडीत बांधलेलं असणं बरं, आपलं मत कुणी विचारत नाही.

फॉर्म कोरा परत गेला. दुसरा कट बंद पडला. देवमन महिनाभर अंगण झाडत, पट्ट्यांना तेल देत राहिला. रुचा सासऱ्यांशी कामापुरतं बोलायची.

मग एक दिवस बाबूलाल दलाल आला. बाबूलाल मूळचा तुरीचा माणूस, लिंटर त्याने कधी हाताळलेलं नाही. म्हणाला, दुसरा कट पाहिजे, जेवढा निघेल तेवढा. शेटजींनी रीतीप्रमाणे विचारलं, "कायसाठी?"

बाबूलालने पंख्याकडे पाहिलं. "गादीसाठी, शेटजी. दुसरं काय असन?"

दुसरा कट, आणि गादीसाठी! मला वाटलं, आता शेटजी त्याला हाकलून देतील. पन्नास वर्षं लिंटर हाताळलेला माणूस! शेटजींनी मला फळीवरून काढलं, पेन उचललं, आणि माझ्या कोऱ्या चिठ्ठीवर लिहिलं, 'गादी.' मग मला जागेवर ठेवून पाणी मागवलं.

यंत्र पुन्हा सुरू झालं. पहिला ट्रक भरला तेव्हा चालकाने देवमनसमोर एक कागद धरला. शेताचं नाव, वेचणीचा महिना भरून द्या म्हणाला. कागदाच्या वर तेच दोन झेंडे होते. माल फिरून तिथेच चालला होता. देवमन माल कुठल्या शिवारातला ते बघायला कचेरीत आला तेव्हा तो कागद त्याच्या हातात होता. त्याने एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. 'कामरगाव' लिहिलं आणि निघून गेला. सहा जणांचं काम चालू राहिलं. ट्रक जात राहिले. शेटजी रोज संध्याकाळी फळी पुसायचे, पण माझ्यापाशी आले की फडकं माझ्या अंगावरून न फिरवता पुढच्या पुडीकडे जायचे. माझ्यावर धूळ बसली. मला त्याचं वाईट वाटलं, सांगून टाकतो.

भादव्यात क्षमावाणीचा दिवस आला. त्या दिवशी शेटजी देवळातून परस्पर गिरणीत येतात आणि प्रत्येक माणसापुढे हात जोडून क्षमा मागतात. देवमनपुढे त्यांनी बावीस वर्षं हात जोडले आहेत. देवमन दर वर्षी लाजून म्हणतो, "काही नाही, शेटजी, तुमचं काय चुकन." या वर्षी तो तसं म्हणाला नाही. त्यानेच हात जोडले.

"शेटजी, मलेच क्षमा करजा."

"कायची रे?"

देवमनने फळीकडे पाहिलं. "त्या पुडीवर गादी लिहिलं हाय. तो माल गादीत नाही गेला. मले पहिल्या ट्रकापासून माहीत हाय. पोरापायी गप्प राह्यलो."

रुचा हातातलं काम ठेवून उठली.  शेटजी म्हणाले, "तुले ट्रकापासून माहीत हाय. मले त्याच्या आधीपासून. दुसऱ्या कटाची गादी कोनी भरते का? बाबूलालनं पंख्याकडं पाह्यलं, तवाच समजलं मले."

"मंग लिहिलं कायले?"

"तुह्या पोराचं तोंड दिसत होतं. अन् नेमही मोडायचा नव्हता. दोन्ही पायजे होतं मले." त्यांनी फळीकडे बोट दाखवलं. "तू एकदा खोटं झाकलं. म्यां तं सोताच्या हातानं लिहिलं. बापाच्या रीतीत बसवून."

देवमन म्हणाला, "मंग उद्याची गाडी भरू का नको?" हंगामाची शेवटची सरकी होती, शेवटचीच गाडी.

 शेटजींनी मला खाली काढलं. धोतराच्या सोग्याने माझ्यावरची धूळ पुसली. 'गादी' या शब्दावर आडवी रेघ मारली, आणि खाली लिहिलं, 'तोफ.' त्याखाली सही केली. दोन देशांनी मागितलेली जी सही त्यांनी दिली नव्हती, ती माझ्या चिठ्ठीवर पडली. 

"भर," ते म्हणाले. "अन् रुचा, तो फारम मागव परत. मोडलं ते मोडलंच म्हनू. उद्या देवळात मीच सांगतो सगळ्याइले." मग थांबून म्हणाले, "प्रसेनजितचा फोन आला का मले दे. त्याच्या नावाआड लपलो म्यां, त्याचीही क्षमा मागायची हाय." 

तर अशी माझी हकिकत. माझे भाऊबंद केव्हाच गेले. ते कुठल्या डोंगरावर, कुणाच्या डोक्यावर पडतील ते मला कळायचं नाही. मी इथेच आहे. आता संध्याकाळी फडकं माझ्या अंगावरूनही फिरतं. फळीवर एवढ्या पुड्या आहेत, पण सही असलेला मी एकटाच.

तुम्ही कधी या कचेरीत आलात तर मला उलगडू नका, उडून जाईन. चिठ्ठी तेवढी वाचा. आणि तुमच्या हातून जे काही बाहेर जात असेल, त्यावरही कुठे जातं ते लिहीत चला. मनाला येईल ते नको, खरं तेच लिहा. मला विचाराल तर गादीत जायला मला फार आवडलं असतं. पण दुसऱ्या कटावर कुणाला झोप लागत नाही, हे देवमनला ठाऊक होतं आणि शेटजींनाही.