घड्याळ चालू झालं की नाही

दुपारी एक वाजून चार मिनिटांनी डायलिसिस विभागातल्या सहा नंबरच्या खुर्चीवर फोन वाजला. खुर्चीत मिस्त्री होते. डावा हात मशीनला जोडलेला, उजव्या हातात टीव्हीचा रिमोट. त्यांनी फोन वाजू दिला.

"अहो, उचला तो," पाच नंबरवरच्या बाई म्हणाल्या. "शेवटचा भाग आहे, एक शब्द ऐकू येत नाहीये."

"शेवटचा भाग आहे म्हणूनच उचलत नाही."

मिस्त्रींनी तीस वर्षं पाण्याचे पंप दुरुस्त केले होते. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. सात नंबरवर बसचे कंडक्टर. तिघांची गाठ आठवड्यातून तीनदा, दहा ते दोन. रक्त मशीनमधून फिरून परत येईपर्यंत करण्यासारखं एकच काम होतं: टीव्ही पाहायचा आणि जे काही पाहिलं त्याची चिरफाड करायची.

त्या सकाळीही ती झाली होती. कंडक्टरांनी मुलीच्या मोबाइलवर वादळातल्या जहाजाचा नवा पिक्चर पाहिला होता.

"दोनदा झोपलो, दोनदा उठलो, जहाज तिथंच! आमची गाडी असती ना, तर पॅसेंजर उतरून चालत गेले असते."

"पंपानं पाणीच धरलं नाही," मिस्त्रींनी निकाल दिला. "अर्धा तास नुसती हवा ओढतोय. त्या जुळ्या बहिणींच्या पिक्चरचं उलटं. पहिल्या मिनिटाला धो धो, आणि इंटरव्हलनंतर विहीर कोरडी."

"मला आवडला तो," बाई म्हणाल्या. "मोठी बहीण काय रडते! नाक लाल होतं तिचं. हल्ली कुणाचं होत नाही."

घड्याळाच्या मालिकेबद्दल मात्र तिघांचं एकमत होतं: मालिका असावी तर अशी. छोट्या गावातली नगरपालिका, चौकातलं बंद घड्याळ, ते दुरुस्त करायला नेमलेली चार माणसं आणि चार वर्षं न झालेली दुरुस्ती. दर भागात त्यांचा मुकादम शिडीवर चढायचा आणि काहीतरी घोळ होऊन खाली यायचा. आजच्या पाऊण तासाच्या शेवटच्या भागात घड्याळ चालू होणार की नाही, यावर पैज लागली होती. बाई म्हणत होत्या, होणार. मिस्त्रींचा सवाल होता, चालूच करायचं होतं तर आपण चार वर्षं हसलो कशाला? जो हरेल त्याने आपल्या वाट्याचं अर्धा कप पाणी दुसऱ्याला द्यायचं. दिवसाला तीन कप पाण्यावर राहणाऱ्या माणसांत ही पैज मोठी होती. सिस्टरने ती ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं.

फोन पुन्हा वाजला. या वेळी मिस्त्रींनी नंबर पाहिला आणि रिमोट मांडीवर ठेवला.

"हो... मीच बोलतोय. मशीनवरच आहे..." मग बराच वेळ ते नुसते ऐकत राहिले. पडद्यावर मुकादम शिडी शोधत होता.

"काय हो?" बाईंनी विचारलं.

"मोठ्या हॉस्पिटलमधून. किडनी आलीये म्हणतात. माझा नंबर दुसरा. पहिल्याची रक्ताची चाचणी जुळली नाही, तर मला. दोन तासांत पोहोचा म्हणाले." त्यांनी हातातल्या फोनकडे पाहिलं. "आणि काही खाऊ-पिऊ नका."

कंडक्टर एवढ्या जोरात उसळले की त्यांच्याच मशीनचा अलार्म वाजला. "सिस्टर! सोडा यांना आधी! डबल बेल द्या, डबल बेल!"

सिस्टर धावत आल्या. आधी कंडक्टरांचा हात सरळ केला. "तुम्ही हलू नका हो! सुई निघाली तर मी काय करू?" मग त्या सहा नंबरकडे वळल्या. त्यांचे हात भराभर चालले होते आणि त्या हसत होत्या.

नळ्यांतलं रक्त अंगात परत जायला दहा मिनिटं लागतात. सुया काढल्यावर ती जागा दाबून धरायला आणखी दहा. बाहेरच्या बाकावरून मिस्त्रींची बायको आत आली, ती त्यांच्या चपला हातात घेऊनच.

"अहो, चला ना! बघताय काय?"

"शिडीवर चढलाय तो."

"चढू दे. गाडी थांबवलीये मी."

"अगं, दहा मिनिटं दाबून धरायचं असतं. नियम आहे."

"सिस्टर, खरं का हो?"

"खरं आहे," सिस्टर म्हणाल्या. त्यांचंही लक्ष पडद्याकडेच होतं.

मिस्त्री किडनीच्या यादीत चार वर्षं होते, कंडक्टर सहा. कंडक्टरांचा रक्तगट वेगळा, त्यामुळे आज त्यांचा प्रश्नच नव्हता. बाईंचं वय सत्तरीच्या पुढे. त्यांचं नाव यादीत नव्हतं.

"तिथं वाद घालत बसू नका," बाई म्हणाल्या. "डॉक्टरांच्या फिटिंगला नावं ठेवू नका."

"बसवायच्या आधी एकदा आवाज ऐकवा म्हणेन. आवाजावरून कळतं मला."

"आणि बसली नीट," कंडक्टर म्हणाले, "तर अख्खा तांब्या प्या. उभ्यानं, घटाघटा. आमच्या नावानं."

मिस्त्रींनी सुईच्या जागेवरचा कापूस आणखी घट्ट दाबला.

दीडला ते उठले. मुकादम शेवटच्या पायरीवर होता, हातात तेलाची बाटली, आणि नेमक्या जाहिराती लागल्या. मिस्त्री दारात रेंगाळले. बायकोने त्यांचा दंड धरला. त्यांनी परत येऊन रिमोट कंडक्टरांच्या पांघरुणावर ठेवला.

"बाई, निकाल सांगायचा नाही. मी येऊन बघेन."

"आता कशाला येताय इथं?"

"दुसरा नंबर आहे, बाई. परवा इथंच असेन बहुतेक."

ते गेले. जाहिराती संपल्या, मुकादम पुन्हा दिसला आणि कंडक्टरांनी टीव्ही बंद केला.

"अहो! दहा मिनिटं राहिलीत!"

"सांगायचं नाही म्हणालेत ते."

"मी कुठं सांगणार होते?"

"तुम्ही नाही सांगणार हो. नाक सांगतं तुमचं. आत्ताच बघा, लाल झालंय."

बाईंनी तोंड खिडकीकडे वळवलं.

दोन वाजता दोघं मोकळे झाले, पण घरी गेले नाहीत. बाहेरच्या बाकावर बसून राहिले. बाईंनी आपल्या बाटलीतून पैजेचं अर्धा कप पाणी कपात ओतलं, त्यावर बशी झाकली आणि कप सिस्टरच्या टेबलावर ठेवला.

साडेचारला सिस्टरने फोन लावला. मिस्त्रींच्या बायकोने उचलला. पहिल्या माणसाची चाचणी अजून चालू होती. मिस्त्री उपाशीपोटी बसले होते आणि सारखे विचारत होते, घड्याळाचं काय झालं.

सिस्टरने बाकाकडे पाहिलं आणि सांगितलं, इथे कुणालाच माहीत नाही.