नाकवालीचं निदान

गाड्यांचे एसी आणि हीटर दुरुस्त करणाऱ्या त्या गॅरेजात माणसं दोनच. एक वहिनी आणि दुसरा तिचा धाकटा दीर. नवरा गेल्यावर वहिनीनं पाना हातात घेतला, त्याला अकरा वर्षं झाली होती. एवढ्या काळात तिचं खरं नाव लोक विसरूनही गेले. सगळे तिला नाकवाली म्हणत. तिनं गाडीत डोकं घालावं, डॅशबोर्डवरच्या हवेच्या झडपेशी नाक न्यावं आणि सांगावं, आत बुरशी धरलीय, किंवा उंदीर मेलाय, किंवा पट्टा घासून जळतोय. दीरानं उघडून बघावं, तर तेच निघायचं.

महिन्यापूर्वी ती तापातून उठली आणि तेव्हापासून तिला कशाचाच वास येईना.

हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. आज येईल, उद्या येईल करत दिवस ढकलले. घरी दूध करपून पातेलं काळं झालं, मुलीनं धावत येऊन गॅस बंद केला, तेव्हा ‘फोनवर होते गं’ म्हणून वेळ मारून नेली. गॅरेजात ती पूर्वीसारखीच वाकायची, डोळे मिटायची आणि गिऱ्हाइकाच्या बोलण्यावरून अंदाज ठोकून द्यायची. पण नवी गाडी आत शिरली की ती आधी हातात दुसरंच काम घ्यायची.

त्या दिवशी सकाळी हाडं गोठवणारी थंडी होती. घरोघरी जाऊन आजाऱ्यांची मलमपट्टी करणारी एक नर्स आली. शेजारच्या सीटवर तिचे वडील, मफलरमधून नुसते डोळे दिसत होते.

“हीटर लावला की समोरची काच धुरकट होते, ताई,” नर्स म्हणाली. “पुसली तरी पुन्हा तेच. आणि बाबा म्हणतात, वास येतो.”

“कसला वास?” नाकवालीनं जमेल तितक्या सहज विचारलं.

“ते तुम्हीच सांगा,” म्हातारबुवा म्हणाले. “तुमच्या नाकाची कीर्ती ऐकून तर आलोय.”

दीर हसला. नाकवाली वाकली, डोळे मिटले. गरम वारा नाकपुड्यांना लागला, बस्स. म्हातारबुवा तिच्याकडे टक लावून बघताहेत हे मिटल्या डोळ्यांनाही कळत होतं.

“बुरशी आहे,” ती म्हणाली. “फिल्टर कुजलाय.”

फिल्टर खरंच मळलेला निघाला, म्हणून सगळ्यांचं समाधान झालं. दीरानं नवा बसवला. तिनं फडक्यानं काच आतून लख्ख पुसून दिली. डोंगरापलीकडे एका आजाऱ्याची जखम बांधायची होती, म्हणून बापलेक लगेच निघाले.

थोड्या वेळानं दीर हात धुता धुता म्हणाला, “त्यांच्या कूलंटचा डबा पार तळाला गेला होता. मी भरून दिला. गळती मात्र कुठं दिसली नाही.”

नाकवालीच्या हातात तेच फडकं होतं. तिनं ते बोटांत चोळलं. चिकट लागलं, तेलकट. श्वासाच्या वाफेनं काच ओली होते, तेलकट होत नाही.

डॅशबोर्डच्या मागे हीटरचा छोटा रेडिएटर असतो. इंजिन थंड ठेवणारं पाणी, म्हणजे कूलंट, तापून त्यातून फिरतं, त्यावरून वारा जातो आणि तो गरम होऊन आत येतो. तो रेडिएटर फुटला की कूलंट बाहेर रस्त्यावर नाही, आत माणसांच्या पायाशी गळतं, आणि त्याची वाफ काचेवर बसते. त्याला गोडसर वास असतो. शिकाऊ माणसालाही कळेल असा.

तिनं नर्सला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. गाडी चालवताना ती कशाला उचलेल?

“भावजी, गाडी काढा. त्यांचा हीटर आत गळतोय.”

“पण तुम्ही तर बुरशी म्हणालात.”

“मला वास येत नाही. महिना झाला.”

दीरानं किल्ली उचलली.

गाडी डोंगराच्या रस्त्याला लागली. “आणि मधल्या गाड्या?” त्यानं विचारलं. “ती शाळेची व्हॅन? तो टॅक्सीवाला?”

“अंदाजानं सांगितलं.”

“मी एकही तपासून पाहिली नाही, वहिनी. तुम्ही म्हणालात, म्हणून.”

प्रत्येक वळणाआधी ती दरीकडे बघायची आणि प्रत्येक वळणानंतर हातातला फोन पुन्हा कानाला लावायची.

पाचव्या वळणावर गाडी दिसली. खडीच्या ढिगात तोंड खुपसून उभी, एक दिवा फुटलेला. नर्स रस्त्याकडेला बसून वडिलांच्या पावलाला पट्टी गुंडाळत होती.

“भस्सकन वाफ आली,” ती वर न बघता म्हणाली. “काचेतून काही दिसेना. ढीग होता म्हणून थांबलो. बाबांच्या पायावर उकळतं पाणी सांडलंय.”

“साखरेच्या पाकासारखा वास येत होता,” म्हातारबुवा म्हणाले. “मला वाटलं, तुमच्या नव्या फिल्टरचाच असेल.”

रेडिएटर अचानक फुटला म्हणता आलं असतं. दीरही खाली बघत उभा होता. तो बोलला नसता. नाकवाली नर्ससमोर खाली बसली आणि तिनं सगळं सांगून टाकलं.

नर्सनं पट्टीची गाठ मारली. “आधी सांगितलं असतंत, तर मी दुसऱ्या गॅरेजात गेले असते.”

“म्हणूनच नाही सांगितलं.”

“माझा बाप बसला होता त्या गाडीत.” आवाज चढला नाही, पण नाकवालीला मान वर करवेना. नर्स म्हणाली, “उद्याच्या उद्या कान-नाकाच्या डॉक्टरकडे जा. असलं लपवून बरं होत नसतं.”

इंजिन निवेपर्यंत चौघं थांबली. मग कूलंट फुटक्या रेडिएटरकडे जाऊच नये म्हणून नाकवालीनं हीटरकडे जाणारे दोन्ही पाइप सोडवले, नळीच्या तुकड्यानं एकमेकांना जोडले, क्लिपा आवळल्या आणि कूलंट भरलं. या वेळी तिनं गाडी अर्धा तास चालू ठेवली, प्रत्येक जोड कोरड्या कागदानं टिपून पाहिला. कागद कोरडाच राहिला. हीटर बंद, खिडक्या उघड्या, अशी ती गाडी डोंगर उतरली. पुढे बापलेकींना घेऊन दीर ती चालवत होता, मागून गॅरेजच्या गाडीत नाकवाली एकटी.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नाकात नळी घालून पाहिलं. वास परत येईलही, नाहीही, म्हणाले, वाट बघा. तिथून ती थेट गॅरेजात आली. दीरानं महिनाभराच्या गाड्यांची यादी काढून ठेवली होती, नर्सची सोडून. एकोणीस.

“मी फोन करतो,” तो म्हणाला.

“नको. सांगितलं मी होतं.”

तिनं एकोणीस जणांना सांगितलं की मला वास येत नाही, गाडी परत आणा. तिघांनी शिव्या घालून यायला नकार दिला. आणखी दोघं हो म्हणून आलेच नाहीत. आलेल्या चौदांपैकी बारा ठीक निघाल्या. टॅक्सीच्या इंजिनाचा पट्टा तुटायला आला होता. आणि शाळेच्या व्हॅनमध्ये इंजिनाचा धूर ब्लोअरवाटे आत ओढला जात होता. तो नाकवालीला सापडला तो दीरानं धरलेल्या बॅटरीच्या उजेडात, एका फाटलेल्या रबरापाशी साचलेल्या काजळीवरून.

व्हॅनवाला म्हणाला, “पोरं डोकं दुखतं म्हणायची. मला वाटायचं, शाळेचा कंटाळा.”

नाकवाली फाटलं रबर हातात धरून व्हॅनच्या पायरीवर बसली. दीर पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि ती पिईपर्यंत तिच्याजवळ उभा राहिला.