पोस्टकार्डाची परीक्षा

डॉक्टरीणबाईंनी साहेबाच्या तोंडातला लाल चेंडू अलगद काढून घेतला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या.

साहेब म्हणजे कुत्रा. तपासणीच्या टेबलावर तो बसल्याबसल्या पेंगत होता. चेंडू गेल्यावर त्याची हनुवटी खाली आली, तोंड मिटलं आणि दवाखाना शांत झाला. शेजारी बसलेल्या त्याच्या मालकांना, परीक्षकांना, ती शांतता बरी वाटली. पंधरा सेकंदांनी, कोरड्या नळाला पाणी येण्याआधी येतो तसला आवाज घशातून काढत साहेब दचकून उठला आणि चेंडू शोधू लागला.

"झोपताना हा रोज चेंडू धरतो?"

"अगदी लहानपणापासून," परीक्षकांच्या बायकोने कौतुकाने सांगितलं. "इतका लळा आहे. फोटो दाखवते. नातीने तर मोठा करून भिंतीवर लावलाय."

"लळा नाही तो. तोंड मिटलं की याचा श्वास अडकतो. दाराला पाचर लावतात ना, तशी यानं तोंडाला लावलीय. कुणी न शिकवता."

बायकोने पर्समधून अर्धा काढलेला फोन परत आत ठेवला.

डॉक्टरीणबाईंनी चेंडू साहेबाला दिला आणि त्याचं नाक टॉर्चखाली धरलं. नाकपुड्या कसल्या, पेनने मारलेल्या दोन रेघा होत्या.

"चेहरा आखूड झाला, पण आतली जीभ, टाळू, सगळं पूर्वीएवढंच राहिलं. तीन खोल्यांचं सामान एका खोलीत कोंबलंय. वारा शिरणार कुठून?"

"या जातीचं असंच असतं," परीक्षक म्हणाले.

"जुने फोटो बघा, काका. चांगलं बोटभर नाक होतं यांना. मग कुणाला तरी चपटं आवडलं. सगळ्यांत चपटे निवडले, त्यांची पिल्लं काढली, त्यांतली आणखी चपटी निवडली."

"याच्या आजोबाला ओळीने चार वर्षं मानाचा चषक होता," परीक्षक सवयीने बोलून गेले.

"कोण देतं हे चषक?"

"हे काय," बायको म्हणाली, "तुमच्यासमोर बसलेत."

परीक्षकांचा हात शर्टाच्या वरच्या खिशाकडे गेला. पत्रं पाठवायचं लोकांनी केव्हाच सोडलं होतं, पण त्यांच्या खिशात तीस वर्षं एक कोरं पोस्टकार्ड असे. मळलं की बदलत. कुत्र्यांच्या प्रदर्शनात ते प्रत्येकाच्या चेहऱ्यावर उभं टेकवायचं. कपाळ, नाक, हनुवटी तिन्ही एकदम टेकली की पैकीच्या पैकी गुण. युक्ती त्यांची स्वतःची. पुढे इतर परीक्षकांनी ती उचलली, आणि कुत्री पाळणारे घरच्या घरी पिल्लांना कार्ड लावून बघू लागले. सत्काराच्या भाषणांत तिचा उल्लेख नेमाने होई.

"नाकपुड्या रुंद करू, टाळू कापून आखूड करू," डॉक्टरीणबाई सांगत होत्या. "भूल देण्यात धोका आहे. नाही केलं, तर हा उन्हाळा काढेल असं मी म्हणणार नाही."

परीक्षकांनी सही करण्यासाठी सगळे खिसे चाचपून चष्मा शोधला. तो डोळ्यांवरच होता.

साहेब वाचला. आठवडाभर त्याने मऊ भात खाल्ला, बायकोच्या हातून. परीक्षकांच्या हातचं घेईना. "ओळखलं त्यानं तुम्हाला," बायको म्हणाली आणि भांडं घासायला घेऊन गेली.

दहाव्या दिवशी, दुपारी जेवण झाल्यावर परीक्षक आडवे झाले. पण झोप येईना. सहा वर्षं साहेबाच्या घोरण्यावर त्यांचा डोळा लागत आला होता. आज काही ऐकूच येत नव्हतं. ते उठून बसले. फरशीवर साहेब पाय ताणून पडला होता, तोंड मिटलेलं, चेंडू लांब कपाटाखाली. परीक्षकांनी हाक मारली. कान हलला नाही.

गुडघे मोडत ते खाली बसले, हात लावायचा धीर होईना, म्हणून खिशातलं पोस्टकार्ड काढून त्याच्या नाकासमोर धरलं. टेकवलं नाही. कार्डाची कड थरथरली. थांबली. पुन्हा थरथरली.

बायको दारात आली.

"आता झोपेतही गुण देताय का त्याला?"

"शू," परीक्षक म्हणाले. "झोपलाय तो."

रविवारी प्रदर्शन होतं. येतो म्हणून महिन्यापूर्वीच कळवलं होतं, त्यामुळे ते गेले. मांडवात पहिलाच आला एक गुबगुबीत कुत्रा, गळ्यात रेशमी फीत, चेहरा थाळीसारखा. धरणारा मालक घामाघूम आणि खूश. त्याने कुत्र्याची मान आपणहून वर केली.

परीक्षकांनी कार्ड काढलं आणि नाकापासून बोटभर अंतरावर धरलं. मागची रांग खोळंबली.

"लावा ना, सर," मालक म्हणाला. "तिन्ही टेकतात. घरी रोज बघतो मी."

"लावलंय. त्याचं तोंड जरा मिटा."

"मिटलं की जमत नाही त्याला," मालकाने हसून सांगितलं. "जातिवंत आहे, सर. तुमच्याच चषकवाल्याचा पणतू."

"झोपतो कसा?"

"बसून. सोफ्याच्या हातावर हनुवटी टेकवून, एखाद्या आजोबासारखा. बघणाऱ्याची हसून पुरेवाट होते."

कार्ड हललं नव्हतं. परीक्षकांनी पेन काढलं, गुणांचा कागद उलटा ठेवला आणि पोस्टकार्डावर डॉक्टरीणबाईंचा फोन नंबर लिहिला. आकडे सुवाच्य आले. चष्म्यावर हात जाऊन परत आला.

"हे तुम्हाला," ते म्हणाले. "उद्याच करा."

मालकाने ते दोन्ही हातांनी घेतलं. इतक्या वर्षांत परीक्षकांनी आपलं कार्ड कुणाला दिल्याचं त्याने ऐकलं नव्हतं. त्याने फोटोवाल्याला खुणेने बोलावलं, कुत्र्याला कडेवर घेतलं आणि कार्ड छातीशी धरून दोघांचे चेहरे कॅमेऱ्याकडे वळवले.