दुबईचा प्रिझम

ब्याऐंशीच्या दसऱ्याला, संध्याकाळी मरोळच्या आमच्या गच्चीवर दुर्बिणीला दुबईहून मागवलेला महागडा प्रिझम लावला आणि डोकंच फिरलं. चंद्र नुसता लालसर, धुरकट!

"जुना लावून बघा ना," बायको, सुलक्षणा म्हणाली.

चोरबाजारातला जुना लावला, तर चंद्रावरचे खड्डे लख्ख.

"फसवलं साल्यांनी!" म्हणत नवा भिरकावणार, तोच आई ओरडली, "अरे, सकाळी हत्यारांच्या पूजेत मीच त्याला हळदकुंकू लावलं. महागाचा ना तो!"

शर्टाच्या टोकाने काच पुसून प्रिझम परत लावला. चंद्र जुन्यातून दिसला तसाच दिसला, तसूभरही जास्त नाही.

"आता कसा दिसतोय?" आईने विचारलं.

"झकास," मी म्हणालो आणि सुलक्षणाला काही डोळा लावू दिला नाही.