द्याल ते द्या

मी एक जुनी मोटार आहे, मित्रांनो, आणि तीही उघडी. माझ्या डोक्यावर पत्र्याचं छप्पर कधीच नव्हतं. कापडी टप होता, तो मागे दुमडला की सगळं आभाळ माझंच. माझा जन्म १९६२ सालचा, इंग्लंडमधल्या एका छोट्या कारखान्यातला. माझ्यासारख्या एकूण दोनशे अकरा गाड्या तिथे तयार झाल्या आणि मालकाचं दिवाळं निघालं. त्या दिवाळ्यामुळे मी दुर्मीळ झाले. त्यात माझं कर्तृत्व काहीच नाही, पण मिरवायला मला आवडतं, हे कबूल करते.

बोटीतून ख्राइस्टचर्चजवळच्या लिटल्टन बंदरात उतरले तेव्हा माझा रंग गडद हिरवा होता. ख्राइस्टचर्चच्या एका दातांच्या डॉक्टरने मला नवी कोरी घेतली. रविवारी ते बायकोला घेऊन समुद्राकडे निघाले की रस्त्यातली माणसं थांबून बघायची. पुढे डॉक्टर म्हातारे झाले. त्यांच्या मुलाला सामान वाहणारी गाडी हवी होती, तेव्हा मी गावाबाहेरच्या एका शेतावरच्या शेडमध्ये गेले आणि तिथे एकोणीस वर्षं उभी राहिले. कोंबड्यांनी माझ्या सीटवर अंडी घातली. त्या दिवसांबद्दल मी फारसं बोलत नाही.

२००१ साली चंद्रशेखर मला न्यायला आला. तो मूळचा पुण्याचा, ख्राइस्टचर्चच्याच हॉर्नबी भागातल्या एका कारखान्यात यंत्रांची देखभाल करणारा इंजिनियर. त्याने मला अगदी भंगाराच्या भावात घेतलं आणि घरी नेऊन बायकोला म्हणाला, "वसू, बघ काय आणलंय!"

वसुंधराने माझ्याभोवती एक फेरी मारली. "कोंबड्यांचं खुराडं आणलंयत," ती म्हणाली.

माझा अपमान झाला, पण तिचं चुकलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी चंद्रशेखरचा मित्र शिरीष आला. दोघं एकाच कारखान्यात कामाला, दोघंही पुण्याचे आणि दोघांनाही हात काळे केल्याशिवाय शनिवार गोड लागत नसे. मग चार वर्षं दर शनिवारी त्या दोघांनी माझी सेवा केली. गंजलेला पत्रा कापला, नवा जोडला. इंजिन उतरवून त्याचा प्रत्येक तुकडा घासला. कार्बोरेटरवरून दोघं इतके भांडले, की दोन शनिवार अबोला होता. तिसऱ्या शनिवारी शिरीष पाना हातात घेऊन आला आणि "चंदू, तुझंच खरं" म्हणून कामाला लागला. अकरा वाजता वसुंधरा पोहे आणि चहा घेऊन यायची. मी वाढले इंग्रजीत, पण मराठी शिकले ती त्या गॅरेजात, पोह्यांच्या वासात. माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस तेच.

२००५च्या नोव्हेंबरात माझ्या नव्या टपाचं कापड आलं. तेवढं बसवलं की मी रस्त्यावर उतरणार होते. त्याच आठवड्यात चंद्रशेखर कामावर असताना छातीत कळ येऊन गेला. त्याचं वय बावन्न होतं. शिरीष त्या शनिवारीही गॅरेजात आला. माझ्या दारावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला आणि काही न करता परत गेला. मला रडता येत नाही, मित्रांनो. त्या दिवशी यावं असं फार वाटलं.

चार महिन्यांनी वसुंधराने ठरवलं, की घर विकायचं आणि ऑकलंडला मुलीजवळ राहायला जायचं. मुलीचं नाव निवेदिता. ती तिथे एका बँकेत नोकरी करत होती. वसुंधराला मुलीच्या घरात मात्र राहायचं नव्हतं. मुलीच्या जवळपास स्वतःची दोन खोल्यांची जागा घ्यायची, एवढी एकच तिची इच्छा होती. घराचं कर्ज फेडून जे उरणार होतं त्यात ती जागा येत नव्हती. थोडे कमी पडत होते. ते माझ्यातून येतील, असा तिचा हिशेब होता.

तिने शिरीषला चहाला बोलावलं आणि गॅरेजात आणलं.

"भावोजी, गाडी तुम्हीच न्या. ह्यांनाही तेच आवडलं असतं."

शिरीषचा चेहरा मी पाहिला. त्याला मी किती हवी होते, ते त्याच्या डोळ्यांत मावत नव्हतं. "वहिनी, नेतो ना. किती द्यायचे, सांगा."

"इश्श, तुम्हाला काय सांगायचं? घरचंच आहे. द्याल ते द्या."

"नाही, असं कसं? तुम्ही आकडा सांगा."

"तुम्हीच ठरवा. तुम्हाला जास्त कळतं त्यातलं."

दोघं हसले, चहा प्यायले आणि आकडा कोणीच काढला नाही. मित्रांनो, या एका 'द्याल ते द्या'ने माझं वाटोळं केलं. बाजारात कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करणारी ही माणसं, आपल्या माणसापुढे पैशाचं नाव निघालं की जीभ गिळून बसतात.

असं नव्हे, की त्यांनी विचार केला नाही. विचारच फार केला.

शिरीष माझे फोटो घेऊन जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या एका जाणकाराकडे गेला. तो म्हणाला, अशी गाडी वर्षानुवर्षं बाजारात येत नाही, तेव्हा ठरलेला भाव असा नाही. अठरा हजार डॉलर म्हणता येतील, तीसही म्हणता येतील. एका रविवारी शिरीष आणि त्याची बायको विनया मला बघायला आली. वसुंधरा आत चहा करत होती, तेव्हा शिरीष माझ्या चाकाशी बसून हलक्या आवाजात बोलला. "बावीसपर्यंत मी उभे करू शकतो. पण मी बावीस म्हणालो आणि वहिनींच्या मनात तीस असले तर? चंदूला जाऊन सहा महिने नाही झाले आणि मी त्याच्या बायकोशी भाव करू?"

"अहो, विचारून तरी बघा," विनया म्हणाली.

"विचारलं की. द्याल ते द्या म्हणाल्या."

त्याच आठवड्यात वसुंधरा दुपारी माझ्या सीटवर येऊन बसली आणि तिने निवेदिताला फोन लावला. "अगं, वीस मिळाले तरी माझं भागतंय. पण मागू कुठल्या तोंडाने? निम्मी गाडी तर त्यांनीच उभी केलीय. त्यांच्याच मेहनतीचे पैसे त्यांच्याकडून घ्यायचे?"

फोनमधून निवेदिताचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "आई, जस्ट टेल हिम अ प्राइस! शिरीषकाका वोन्ट माइंड."

"तुला नाही कळायचं," वसुंधरा म्हणाली.

तिला वीस हवे होते. तो बावीस द्यायला तयार होता. हे सगळ्या जगात फक्त मला माहीत होतं आणि मला हॉर्न सोडून दुसरा आवाज नव्हता. हॉर्नची बॅटरीही केव्हाच उतरली होती.

मे महिन्यात घर विक्रीला निघालं. गॅरेज रिकामं दिसलं पाहिजे, असं एजंटने सांगितलं. मला ढकलून मागच्या अंगणात नेलं आणि वर निळी ताडपत्री बांधली. टपाचं कापड डिकीतच पडून होतं. शिरीषने ते एका दुपारी बसवून टाकलं असतं. पण ते बसवावं, तर आपण गाडी आपलीच धरून चाललोय असं वहिनींना वाटेल, म्हणून त्याने हात लावला नाही. वसुंधराला ते बसवून घ्यायचं होतं. पण भावोजींना अजून फुकट राबवायचं कसं, म्हणून ती बोलली नाही. पुढे पुढे शिरीषचं येणंच कमी झालं. आलं की विषय निघेल, याची त्याला धास्ती. तो येत नाही म्हटल्यावर वसुंधराला वाटलं, त्यांचं मन बदललं असेल.

जूनमध्ये, इकडच्या ऐन हिवाळ्यात, बर्फ पडला. ताडपत्रीवर त्याचा ढीग साचला आणि ती मधोमध फाटली. वितळलेलं पाणी माझ्या तळाशी साठलं आणि आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं. ज्या पत्र्यावर दोघांनी एक अख्खा हिवाळा घालवला होता, तो आतून पोखरायला लागला. वसुंधरा खिडकीतून माझ्याकडे बघायची आणि पडदा ओढून घ्यायची. मला तिचा राग येत नव्हता. माझ्याकडे बघितलं की तिला कोण दिसत होतं, ते मला ठाऊक होतं.

ऑगस्टमध्ये घर विकलं गेलं. तीन आठवड्यांत जागा सोडायची होती. निवेदिताने फोनवर पुन्हा विचारलं, तेव्हा वसुंधरा कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "हवी असती तर बोलले नसते का ते?" मग निवेदिताने ऑकलंडहून इंटरनेटवर जाहिरात दिली आणि चौथ्या दिवशी हॅमिल्टनचा ग्रॅहम नावाचा एक माणूस ट्रेलर घेऊन हजर झाला. त्याने वाकून माझा तळ बघितला, स्क्रूड्रायव्हरने टोचला. तो आरपार गेला.

"नऊ हजार," तो म्हणाला. "फ्लोअर गेलंय. त्याचंच हीप्स ऑफ वर्क आहे."

वसुंधराने होकारार्थी मान हलवली. "स्वीट ॲज," म्हणजे झकास, ठरलं, असं म्हणत ग्रॅहमने हात पुढे केला. माझा सौदा व्हायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

मला ट्रेलरवर चढवून पट्टे आवळत होते, तेवढ्यात फाटकाशी शिरीषची गाडी थांबली. शिरीष आणि विनया उतरली. घर विकल्याचं त्यांना कळलं होतं. विनयाच्या हातात पेढ्यांचा डबा होता. शिरीषने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि कोटाच्या आतल्या खिशात लग्नात देतात तसलं पाकीट होतं. त्याचं एक टोक बाहेर आलं होतं. त्याने ट्रेलर बघितला आणि तो जागीच थांबला.

"अगंबाई, भावोजी," वसुंधरा म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला नको असेल."

"छे छे, तसं काही नाही, वहिनी," शिरीष म्हणाला. "म्हणजे, बरंच झालं. आमच्याकडे तरी ठेवायला जागा कुठे होती? किंमत चांगली आली ना?"

"हो," वसुंधरा म्हणाली. "चांगली आली."

ती ग्रॅहमसाठी गाडीचे कागद आणायला आत गेली. शिरीष माझ्याजवळ आला. त्याने माझ्या दारावर हात ठेवला. विनया मागून हळूच म्हणाली, "आता तरी सांगा त्यांना."

"काय सांगू? बावीस हजारांवर शकुनाचा एक डॉलर घालून चेक लिहिलाय, म्हणून? न बोलता पाकीट हातात द्यायचं ठरवलं होतं. आता सांगितलं तर जन्मभर त्यांच्या जिवाला लागेल." त्याने पाकीट आत ढकललं आणि कोटाचं बटण लावलं.

मग वसुंधरा कागद घेऊन बाहेर आली आणि तिघांनी अंगणात उभं राहून एकेक पेढा खाल्ला.

आता मी हॅमिल्टनला असते. ग्रॅहमने माझा तळ नवा केला, टप बसवला. तो मला जपतो, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. कोणी बघायला आलं की "नाइन थाउजंड, मेट!" असं तो खुशीत सांगतो आणि समोरचा तोंडात बोट घालतो. त्या नऊ हजारांत वसुंधराच्या दोन खोल्या आल्या नाहीत. कागदांवर पुढचा पत्ता म्हणून तिने मुलीच्या घराचा पत्ता लिहिला होता. निघताना ग्रॅहमने तो मोठ्याने वाचला, तेव्हा मी ऐकला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेलपाणी करा, पावसात ठेवू नका. पण तेवढ्याने भागत नाही. आपल्या माणसाला काही द्यायचं असेल, त्याच्याकडून काही घ्यायचं असेल, तर मनातलं तोंडाने सांगा. जीभ अडखळली तरी सांगा. समोरचा रागावला, तरी दोन शनिवार अबोला धरेल आणि तिसऱ्या शनिवारी पाना घेऊन येईल. त्या दिवशी माझ्यासमोर दोन माणसं खोटं बोलली आणि दोघंही दुसऱ्याला दुखवू नये म्हणूनच बोलली. ती पुन्हा भेटली का, मला माहीत नाही. भेटली असतील, तरी माझा विषय दोघांनीही काढला नसेल.